व्होल्टेज, करंट आणि वॉटचा हिशोब ⚡

व्होल्टेजला करंटने भागलं की रोध ओहममध्ये मिळतो; दोन्ही गुणले की शक्ती वॉटमध्ये.

पाणी तापवायचा रॉड २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेत असेल, तर:
🔹 रोध: २३० ÷ ५ = ४६ ओहम
🔹 शक्ती: २३० × ५ = ११५० वॉट

व्होल्टेज १८४ वर उतरलं, तर करंट ४ अँपिअर आणि शक्ती ७३६ वॉट. व्होल्टेज २० टक्के घटतं, शक्ती ३६ टक्के!

मोटारीचं वेगळं असतं. करमाळा तालुक्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावरच्या पंपांना लांब केबल लागते. त्या केबलमध्ये व्होल्टेज पडलं की तेवढाच भार ओढायला मोटार जास्त करंट घेते. केबलमधली उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. १ ओहमच्या तारेत ८ अँपिअरला ६४ वॉट, १६ अँपिअरला २५६. जाड केबलचा रोध कमी, म्हणून लांब अंतराला तीच घ्यावी.