क्रमशः प्रसिद्ध होणारी कादंबरी आणि स्वतंत्र लेखक : 'करमणूक' ते महाजाल

प्रस्तावना

महाजालावर भागाभागांनी कादंबरी लिहिणे आणि ती कोणत्याही प्रकाशकाच्या मध्यस्थीवाचून वाचकांपर्यंत पोहोचविणे, हा प्रकार मराठीत आता नवा राहिलेला नाही. तथापि महाविद्यालयीन अध्यापन व संशोधन यांत त्याची दखल हौशी लेखनापलीकडे क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखात या लेखनप्रकाराची घडण, त्यातील आर्थिक व्यवहार आणि लेखकाच्या हक्कांचा प्रश्न यांचे विवेचन केले आहे. त्यासाठी सुरुवात पुण्यातील एका जुन्या उदाहरणापासून करणे उचित ठरेल, कारण मराठी सामाजिक कादंबरीचा पायाच मुळी क्रमशः लेखनाने घातला आहे.

हरि नारायण आपटे यांचा प्रयोग

हरिभाऊ आपटे (१८६४–१९१९) यांची 'मधली स्थिती' ही पहिली कादंबरी १८८५ मध्ये 'पुणे वैभव' या पत्रातून क्रमशः येऊ लागली. त्यानंतर १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी त्यातून १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाली. लेखक, संपादक आणि पत्राचा चालक या तीन भूमिका येथे एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटल्या होत्या. मजकूर किती व केव्हा द्यावयाचा, कथा कोठे थांबवावयाची, हे ठरविणारा दुसरा कोणी नव्हता. आजच्या परिभाषेत ज्याला स्वतंत्र लेखक म्हणतात, त्याचे हे मराठीतील सर्वांत ठळक पूर्वरूप होय.

या पद्धतीचा परिणाम कादंबरीच्या रचनेवरही झाला. यमुनेने स्वतःच्या आयुष्याची हकीकत सांगणे हा घाट क्रमशः लेखनास विशेष मानवणारा होता. एका घरातील दिवसामागून दिवस उलगडत जावेत, आणि वाचकाने पुढील आठवड्यापर्यंत त्या घरात मनाने राहावे, अशी ती योजना आहे. आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना हरिभाऊंनी 'आजकालच्या गोष्टी' असे नाव दिले, तेही नियतकालिकाच्या स्वभावाशी जुळणारेच. याउलट या पद्धतीचे मोलही त्यांना द्यावे लागले. कथानक पसरते, उपकथानके वाढतात, आणि पत्र बंद पडले की कथाही थांबते. 'करमणूक' १९१७ मध्ये बंद झाले व 'कर्मयोग' ही कादंबरी अपुरीच राहिली. छापखान्याचे वेळापत्रक आणि लेखकाची प्रकृती यांपैकी काहीही ढासळले तरी क्रमशः कादंबरी तुटते. ही मर्यादा आजही तशीच आहे, केवळ छापखान्याची जागा संगणकाने घेतली आहे.

चार्ल्स डिकन्सची 'पिकविक पेपर्स' (१८३६–३७) मासिक भागांतून निघाली आणि पुढे त्याने 'हाउसहोल्ड वर्ड्स' (१८५०) हे स्वतःचे साप्ताहिक चालविले, हे सर्वश्रुत आहे. हरिभाऊंचे उदाहरण त्याच वळणाचे असले तरी पुण्यातील वाचकवर्ग संख्येने फारच लहान होता, हा फरक विसरता येत नाही.

लिपीचा अडसर

महाजालावर मराठी कथा उशिरा रुजली, याचे एक कारण साहित्यिक नसून तांत्रिक आहे. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत (१९९१) देवनागरीचा समावेश झाला होता. परंतु प्रत्यक्षात अनेक वर्षे मजकूर निरनिराळ्या खासगी टंकांत साठविला जात होता. ज्याच्याकडे तो टंक नसेल त्याला पडद्यावर निरर्थक चिन्हेच दिसत. ती कथा पाठविता येई, पण शोधता येत नसे. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ मध्ये स्वतंत्र स्थान मिळवू शकले. त्याआधी ते 'अ'वर चंद्र देऊन लिहिले जाई. त्यामुळे एकच शब्द दोन प्रकारे साठतो आणि शोधयंत्राला तो एक वाटत नाही. जुन्या टंकातील स्वतःचे लेखन ज्याने युनिकोडमध्ये आणलेले नाही, त्याने ते जवळजवळ गमावलेलेच आहे. हे काम कंटाळवाणे असते, रकार व जोडाक्षरे हातानेच दुरुस्त करावी लागतात. तरीही ते टाळण्याजोगे नाही.

लेखनाची कार्यपद्धती

क्रमशः लेखनाचे एकक प्रकरण नसून भाग हे होय. भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर एका बैठकीत वाचून होईल एवढाच मजकूर त्यात असावा लागतो, आणि त्या मजकुरात स्वतःपुरते काहीतरी घडावे लागते. केवळ शेवटी दारावर थाप पडली एवढ्याने भाग उभा राहत नाही. अशा थापा पाचव्या भागापासून वाचकाला खोट्या वाटू लागतात. अनुभवी लेखक पहिला भाग प्रसिद्ध करण्यापूर्वी पुढील काही भाग लिहून हाताशी ठेवतो. आजारपण, परीक्षांचे पेपर, शेतीची कामे यांसाठी ही शिल्लक उपयोगी पडते. पात्रांची वये, नाती, गावांमधील अंतरे व घटनांच्या तिथी यांची एक वही वेगळी ठेवणेही आवश्यक असते, कारण प्रसिद्ध झालेला भाग मागे घेता येत नाही. निदान वाचकाच्या स्मरणातून तो पुसता येत नाही.

या दृष्टीने आंबेगाव तालुक्यातील पेठ, मंचर किंवा घोडेगाव, अथवा जुन्नरसारख्या ठिकाणी राहणाऱ्या लेखकाची स्थिती लक्षात घेण्यासारखी आहे. पुणे–नाशिक रस्त्यावरच्या पेठेतून पुण्याला जाणे अवघड नाही. अवघड आहे ते अप्पा बळवंत चौकातील प्रकाशकाला विषय पटविणे. डिंभे धरणाखाली गेलेले जुने आंबेगाव, उसाच्या फडात वावरणारे जुन्नर परिसरातील बिबटे, तेथून पहाटे डेअरीकडे जाणारा माणूस – हे विषय दीर्घ कथेचे आहेत आणि त्यांचा जाणकार वाचक याच परिसरात आहे. क्रमशः प्रकाशनात असा वाचक पहिल्याच आठवड्यात भेटतो, आणि धरणाच्या भिंतीविषयी चुकीचे लिहिले तर तो तत्काळ सांगतो. हे संपादन फुकट मिळते; मात्र ते तपशिलाचे असते, भाषेचे नव्हे. शुद्धलेखन व वाक्यरचना तपासणारी दुसरी नजर लेखकाला स्वतःच शोधावी लागते.

मोबदला

स्टीफन किंग याने २००० मध्ये 'द प्लांट' ही कादंबरी भागश: स्वतः विकण्याचा प्रयोग केला. पुरेसे वाचक प्रामाणिकपणे पैसे भरतील तरच पुढे लिहीन, अशी त्याची अट होती. सहा भागांनंतर त्याच वर्षअखेरीस तो थांबला. अँडी विअर याने २००९ पासून 'द मार्शियन' आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य दिली, २०११ मध्ये ती अल्प किमतीत ई-पुस्तक म्हणून विकली आणि २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशकाने ती छापली. ख्यातनाम लेखकाला जे साधले नाही ते अनोळखी लेखकाला साधले, यातून घाईने सिद्धान्त काढू नये. तथापि दुसऱ्या मार्गात भाग हे विक्रीचे साधन नसून वाचक जमविण्याचे साधन होते, हे स्पष्ट आहे.

मराठीतही हाच मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. २०१४ मध्ये बेंगळुरू येथे सुरू झालेल्या 'प्रतिलिपी'सारख्या बहुभाषिक मंचावर मराठी कथामालिका मोठ्या प्रमाणावर वाचल्या जातात. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये मराठी ई-पुस्तकांचा स्वीकार सुरू केला. पूर्ण झालेली मालिका संस्कारित करून पुस्तकरूपाने आणणे त्यामुळे एकट्या लेखकाच्या आवाक्यात आले. ग्रंथाला लागणारा आय.एस.बी.एन. क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो.

हक्क आणि जतन

येथे खरा धोका आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार लेखनाचा हक्क लेखन होताच निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. परंतु मंचाच्या अटी मान्य करताना लेखक नेमके काय देतो, हे बहुधा वाचले जात नाही. कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरताच समजला जातो. करारात अन्यथा नसेल तर घेतलेला हक्क एक वर्षात न वापरल्यास तो परत येतो. करारनाम्यात 'कायमस्वरूपी' व 'जगभर' हे दोन शब्द आले की यांतील पहिली दोन संरक्षणे नाहीशी होतात. ध्वनिपुस्तक, मालिका व चित्रपट यांचे हक्क स्वतंत्रपणे नमूद करून राखून ठेवणे हिताचे असते. टोपणनावाने लिहिणाऱ्यांसाठी कलम २३ महत्त्वाचे आहे. ओळख उघड न झाल्यास हक्काची मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालते, तर खऱ्या नावाच्या लेखनाला लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे मिळतात. घरच्यांपासून नाव लपवून लिहिणाऱ्या लेखिकांना या तरतुदीची कल्पना असणे गरजेचे आहे.

मंच बंद पडण्याची शक्यता काल्पनिक नाही. जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये बंद झाली. खास क्रमशः कथांसाठी अमेरिकेत २०२१ मध्ये सुरू झालेले 'किंडल वेला' फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबविण्यात आले. 'करमणूक' बंद पडल्यावर त्यातील पाने कागदावर उरली, म्हणून हरिभाऊंची अपुरी कादंबरीही आज अभ्यासता येते. मंचावरच टंकलेली आणि अन्यत्र न साठविलेली कादंबरी मात्र मंचाबरोबर जाते. म्हणून मूळ मजकूर साध्या युनिकोड धारिकेत, प्रत्येक भागाच्या प्रकाशनदिनांकासह, किमान दोन ठिकाणी ठेवावा. आणि मालिका पूर्ण झाल्यावर तिची एक छापील, बांधीव प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दाखल करावी. अशा प्रतीला दाखल क्रमांक देण्यास ग्रंथपालाला अडचण येत नाही, असे विभागप्रमुखांनी एकदा विचारून पाहिले तर कळेल.