मातीविना वाढणारी टिलँडसिया : पाणी, वारा आणि कीड

'एअर प्लांट' या नावाने रोपवाटिकांत विकली जाणारी, मातीविना वाढणारी रोपे पाहिली की शेतकरी बांधवांचा पहिला प्रश्न असतो, हे बांडगूळ तर नव्हे? प्रश्न रास्त आहे. आंब्यावरील बांडगुळाप्रमाणे टिलँडसिया प्रजातीतील या वनस्पतीही निसर्गात झाडांच्या फांद्यांवर वाढतात. परंतु बांडगूळ यजमान वृक्षाच्या ऊतींत शिरून पाणी व अन्नद्रव्ये शोषते. टिलँडसिया फांदीचा केवळ आधार घेते. आसामचे राज्यपुष्प असलेली कोपौ ही आमरी जशी झाडावर राहते, तशीच ही अपिवनस्पती होय.

'हवेवर जगणारे झाड' ही समजूत मात्र रोपाच्या जिवावर बेतते. टिलँडसियाचे कूळ अननसाचे. पश्चिम आफ्रिकेतील एका जातीचा अपवाद वगळता हे सारे कूळ मूळचे अमेरिका खंडांतील आहे. टिलँडसियाची मुळे आधार पकडण्यापुरतीच असतात. पाणी घेतात ती पाने. पानांवरील रुपेरी लव म्हणजे सूक्ष्म खवले असून ते ओले होताच पाणी शोषतात. निवडुंगाप्रमाणे या वनस्पतींची पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात व कर्बवायू तेव्हाच आत घेतला जातो. पान रात्रभर ओले राहिल्यास पाण्याचा थर ही वाट अडवतो. म्हणून पाणी सकाळीच द्यावे.

आठवड्यातून एकदा रोप २० ते ३० मिनिटे पाण्यात बुडवावे. उत्तरेकडील किंवा विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात हे दोनदा करावे. कोकण, केरळ व ईशान्येकडील पावसाळ्यात अधूनमधून शिंपण पुरते. दाट रुपेरी पानांच्या जातींना पाणी कमी लागते, हिरव्या मऊ पानांच्या जातींना अधिक. पावसाचे पाणी सर्वोत्तम. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी क्षारयुक्त असल्याने वापरू नये. भिजवल्यानंतर रोप उलटे धरून झटकावे आणि साधारण चार तासांत पूर्ण वाळेल अशा वाऱ्याच्या जागी ठेवावे. पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी गाभा कुजवते. बाहेरून हिरवे दिसणारे रोप हात लावताच सुटे होते. बंद काचेच्या बरणीत सजवलेली रोपे म्हणूनच टिकत नाहीत. उजेड भरपूर हवा, पण दुपारचे थेट ऊन नको. रोप एकदाच फुलते व नंतर केळीच्या मुनव्यांसारखी पिले देते. पिले मातृरोपाच्या निम्म्या आकाराची झाल्यावर वेगळी करता येतात.

आता किडींविषयी. येथे शेतातील सवय घरात आणणे धोक्याचे ठरते. तांबे या कुळास विषारी आहे. बोर्डो मिश्रण अथवा कॉपर ऑक्सिक्लोराईड फवारू नये, रोप तांब्याच्या तारेने बांधू नये, तसेच ताम्रयुक्त औषध वापरलेल्या पंपाने पाणीही फवारू नये. निंबोळी तेलासह कोणतेही तेल पानांवरील खवले बुजवू शकते, म्हणून तेही टाळलेलेच बरे. पिठ्या ढेकूण व खवले कीड पानांच्या तळाशी लपतात. रोपावर मुंग्यांची ये-जा दिसली की भिंगाने बेचके तपासावेत. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून कीड टिपून काढावी, नंतर रोप स्वच्छ पाण्याने धुवावे व आठवड्याने पुन्हा पाहावे. एकदा पुसून हा ढेकूण सहसा जात नाही. नवे रोप तीन आठवडे इतरांपासून दूर ठेवावे. अननस बागायतदारांनी तर हा नियम कटाक्षाने पाळावा, कारण अननसावरील मर रोगाशी निगडित विषाणू पिठ्या ढेकणांमार्फतच पसरतात.

रोप कोठून आले, हा प्रश्न कीटकशास्त्रज्ञ एवढ्या आग्रहाने का विचारतात, याचे उत्तर अमेरिकेतील फ्लोरिडात मिळते. मेक्सिकोतून आयात झालेल्या शोभेच्या ब्रोमेलियाड रोपांसोबत मेटामेसियस कॅलिझोना हा भुंगा तेथे पोहोचला व १९८९ मध्ये प्रथम आढळला. याच्या अळ्या रोपाचा गाभा पोखरतात. रोपवाटिकेतून तो जंगलात शिरला आणि तेथील स्थानिक टिलँडसियांच्या मोठ्या जाती संकटात आल्या. होंडुरासमधील एक परोपजीवी माशी सोडूनही तो आटोक्यात आलेला नाही. आपल्याकडे टिलँडसिया स्थानिक नाही, पण अननस आहे. शिवाय मेक्सिको व मध्य अमेरिका हेच मूळस्थान असलेला पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूर परिसरात आढळला, तेव्हा पपई व तुती उत्पादकांचे किती नुकसान झाले, हे दक्षिणेतील विस्तार कार्यकर्ते जाणतात. तेथे २०१० मध्ये आणलेल्या ॲसेरोफॅगस पपाये या परोपजीवी कीटकाने बाजू सावरली. प्रत्येक वेळी असा मित्र हाती लागतोच असे नाही.

परदेशातून टपालाने परस्पर रोपे मागवणे म्हणूनच टाळावे. वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार आयात परवाना व निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक आहे. टिलँडसिया झेरोग्राफिका ही मोठ्या रुपेरी वळणदार पानांची लोकप्रिय जात सायटीस कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये असल्याने तिला त्या करारान्वये वेगळी कागदपत्रेही लागतात. देशांतर्गत रोपवाटिकेत पिलांपासून वाढवलेली रोपे घ्यावीत आणि विक्रेत्यास तसे स्पष्ट विचारावे. रोपाच्या गाभ्यात अळी अथवा भुंगा आढळल्यास रोप फेकून न देता ते बंद पिशवीत ठेवावे, कीटक स्पिरिटच्या छोट्या बाटलीत जतन करावा आणि खरेदीचे ठिकाण व तारीख लिहून दोन्ही नजीकच्या कृषी विज्ञान केंद्राकडे द्यावे.