एका तारेचा बँड

अणदूर हे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं, तुळजापूर तालुक्यातलं गाव. इथल्या खंडोबाची मूर्ती एक आणि देवळं दोन. वर्षातले दहाएक महिने देव अणदुरात राहतो, मार्गशीर्षात नळदुर्गाजवळच्या मैलारपूरला जातो, पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तिथे भरते आणि मग तो परत येतो. या ये-जा करण्याचा करार दोन्ही गावांचे मानकरी लेखी करतात. देवाच्या मुक्कामाचा हिशेब असा चोख आहे. पण ज्यांच्या गाण्याशिवाय त्याचं जागरण पुरं होत नाही, त्या वाघ्या-मुरळींच्या, म्हणजे खंडोबाच्या गाणाऱ्या भक्तांच्या, पार्टीचा हिशेब कोण ठेवतं? कोणती पार्टी कधी जमली, कोण फुटून निघालं, कुणाचा गळा चालला आणि कुणाची दिमडी, हे सांगणारं कागदावर फारसं काही सापडत नाही. गिटार घेतलेल्या चार पोरांबद्दल आपण हेच तपशील आवडीने वाचतो आणि त्याला बँडचा इतिहास म्हणतो. जागरणाची पार्टी हाही बँडच आहे, आणि तिच्याकडे रूढी किंवा ‘लोप पावत चाललेली लोककला’ म्हणून न पाहता बँड म्हणून पाहावं, असं माझं म्हणणं आहे.

पंक रॉकशी तिची तुलना करावीशी वाटते ती साधनांमुळे. 1977 साली इंग्लंडमधल्या ‘साइडबर्न्स’ नावाच्या एका घरगुती अंकात गिटारच्या तीन कॉर्डच्या आकृत्या छापल्या होत्या आणि खाली मजकूर होता, त्याचा अर्थ असा की एवढं आलं, आता बँड काढा. आपल्या तुणतुण्याला तर तारच एक. खाली कातडं ताणलेलं नळकांडं, बाजूला काठी, वर खुंटी. तो एक सूर रात्रभर धरून ठेवायचा. दिमडी तळहातापेक्षा थोडी मोठी, एका हातात धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. मुरळीच्या हातात घाटी, जोडीला टाळ. एवढं सामान एका पिशवीत मावतं आणि एसटीत मांडीवर बसतं. दिमडीला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बेकायदा ठरलं आणि वादकांना दुसरी कातडी, पुढे फायबर जवळ करावं लागलं. नाद बदलला तरी पार्टी थांबली नाही. शिक्षण कानावर, परीक्षा अंगणात आणि परीक्षक म्हणजे जागे राहिलेले पाहुणे. संगीत विद्यालयाची पायरी न चढता गाणारा पेशा उभा राहतो, तो असा.

यावर पहिला आक्षेप येईल तो सरळ आहे: पंक ही बंडाची भाषा, जागरण हा नवस फेडण्याचा विधी, दोन्हींची सांगड कशाला? विधी आहेच. चौक मांडला जातो, गावोगावच्या देवांना आवतण दिलं जातं, भंडारा उधळला जातो, दिवटी पेटते, शेवटी लंगर, म्हणजे लोखंडी साखळी, तोडला जातो. पण या चौकटीच्या आत काय चालतं तेही पाहायला हवं. लिंगायत वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई यांचं भांडण यजमानाच्या अंगणात, पोराबाळांसमोर रंगतं. देव दोघींच्या कचाट्यात सापडतो आणि त्याची यथेच्छ फजिती होते. जातीचा, रूपाचा, घरकामाचा असा एकही टोमणा शिल्लक राहत नाही. वाघ्ये तर स्वतःला देवाची कुत्री म्हणवून भुंकत, कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षापात्रातलं, अन्न तोंडाने खात, अशा नोंदी जुन्या अभ्यासकांनी केल्या आहेत. सभ्यतेला असा धक्का देण्यासाठी लंडनच्या पंक पोरांना कपडे फाडून टाचण्या लावाव्या लागल्या. तरीही याला बंड म्हणणार नाही. पार्टी यजमानाच्या सुपारीवर येते, त्याला आशीर्वाद देऊन जाते. व्यवस्था उलथवण्याचा तिचा दावा नाही. साम्य आहे ते बांधणीत: कमी साधनं, मोठा आवाज, मधल्या दलालाची गरज नाही.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे आणि तो टाळून या विषयावर लिहिणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. मुरळी ही देवाला वाहिलेली मुलगी होती. तिच्या गाण्याचं कौतुक म्हणजे त्या वाहण्याचं कौतुक नव्हे काय? दलित कार्यकर्ते शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ हे नियतकालिक चालवताना या प्रथेविरुद्ध मोहीम उघडली. शिवुबाई नावाच्या एका मुरळीचं पत्रही 1909 मध्ये त्यात छापलं गेलं. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा 1934 ला आला, पण तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या अणदूरला तो लागू नव्हता. संपूर्ण महाराष्ट्रासाठीचा निर्मूलन कायदा 2005 चा. म्हणजे कांबळे यांनी आवाज उठवल्यापासून या कायद्यापर्यंत इतकी वर्षं गेली. आज पार्टीत नाचणाऱ्या-गाणाऱ्या अनेक मुरळ्या देवाला वाहिलेल्या नसून बिदागी घेऊन काम करणाऱ्या कलावंत आहेत. म्हणूनच मला ‘बँड’ हा शब्द इथे उपयोगाचा वाटतो. विधीतल्या मुरळीला मोबदला विचारायची सोय नव्हती. बँडमधल्या गायिकेला सुपारीतला वाटा, मुक्कामाची सोय आणि अंगचटीला येणाऱ्या पाहुण्याला बाहेर काढण्याचा अधिकार मागता येतो. मागितल्यावर मिळतोच असं नाही, हे वेगळं.

कॅसेटच्या काळाने या पेशाला पहिल्यांदा नावं दिली. लोकगायक छगन चौगुले यांची ‘कथा चांगुणाची’ घरोघरी वाजली. 2020 च्या मे महिन्यात करोनाने ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी दखल घेतली. अशी दखल फार थोड्यांच्या वाट्याला येते. खंडोबावर रा. चिं. ढेरे यांचा ग्रंथ आहे, जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी तर या दैवताच्या अभ्यासात हयात घालवली. दैवत समजून घ्यायला एवढं पुष्कळ आहे. वादकांचा पत्ता त्यातून लागत नाही, आणि तो लागावा ही अपेक्षा त्या ग्रंथांकडून करणंही बरोबर नाही; ते काम गावाचं आहे. अणदूर-नळदुर्गचे मानकरी देवाच्या मुक्कामाचा कागद करतातच; यात्रेला येणाऱ्या पार्ट्यांची नावं, गावं आणि वादक एका वहीत उतरवायला फार तर एक माणूस लागेल. आणि ज्यांच्या घरी यंदा लग्नानंतर जागरण आहे त्यांनी निमंत्रणपत्रिकेत मामा-काकांच्या यादीखाली एक ओळ वाढवावी: वाघ्या कोण, मुरळी कोण, दिमडीवर कोण. मात्र छापण्याआधी त्यांना विचारावं.