पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील गृहकर्ज

गृहकर्ज म्हणजे घर विकत घेण्यासाठी किंवा बांधण्यासाठी तेच घर तारण ठेवून घेतलेले दीर्घ मुदतीचे कर्ज होय. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात स्थलांतरित कामगारवर्ग मोठा असल्याने येथील घरखरेदी प्रामुख्याने अशा कर्जावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी
पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली व पुढे वाहन उद्योग वाढला. नियोजित वसाहतीसाठी १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. २०२१ मध्ये ते पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन करण्यात आले. प्राधिकरणाचे भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असल्याने अशी मालमत्ता खरेदी करताना किंवा तारण ठेवताना ना-हरकत प्रमाणपत्राची चौकशी आवश्यक ठरते.

कर्जमर्यादा व स्वनिधी
रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाख रुपयांपर्यंतचे कर्ज मालमत्तेच्या मूल्याच्या ९०%, ३० ते ७५ लाखांपर्यंतचे ८०% व त्यापुढील ७५% मर्यादेत देता येते. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी सामान्यतः या मूल्यात धरली जात नाही. उदाहरणार्थ, महापालिका हद्दीतील ४० लाखांच्या सदनिकेवर ३२ लाख कर्ज मिळाले, तरी उरलेले ८ लाख, ७% दराने मुद्रांक शुल्काचे २ लाख ८० हजार आणि नोंदणीचे ३० हजार असे ११ लाख १० हजार रुपये खरेदीदारास स्वतः उभे करावे लागतात. केवळ स्त्रीच्या नावे खरेदी असल्यास मुद्रांक शुल्कात १% सवलत मिळते.

व्याज व मुदत
बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपो दरासारख्या बाह्य मानकाशी जोडलेली आहेत. ३० लाखांच्या कर्जाचा ८.५% दराने २० वर्षांचा मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये, तर १५ वर्षांचा सुमारे २९,५४२ रुपये होतो. हप्ता साडेतीन हजारांनी वाढतो, मात्र एकूण व्याज सुमारे ९ लाख ३० हजारांनी घटते. वैयक्तिक कर्जदारास बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड आकारला जात नाही.

दक्षता
चाकणसारख्या वाढत्या भागात शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विक्री होते. किंमत कमी असली, तरी अकृषिक परवानगी व मंजूर नकाशा नसल्यास बँका सहसा कर्ज नाकारतात. मग महागडे खासगी कर्ज काढण्याची पाळी येते आणि बांधकाम अनधिकृत ठरण्याची टांगती तलवार राहते. त्यामुळे इसार देण्यापूर्वी सातबारा, विकास परवानगी आणि तयार घर असल्यास भोगवटा प्रमाणपत्र तपासणे हिताचे असते. नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाची माहिती महारेराच्या संकेतस्थळावर मिळते. अशा प्रकल्पात नोंदणीकृत करारापूर्वी विकासकास किमतीच्या १०% पेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही.

कंत्राटी कामगारांचे उत्पन्न अनिश्चित असल्याने बँक खात्यात जमा होणारे वेतन, आयकर विवरणपत्रे व सहकर्जदार यांना महत्त्व येते. काम सुटल्यासही हप्ता सुरूच राहतो. म्हणून काही महिन्यांच्या हप्त्यांइतकी शिल्लक राखणे इष्ट समजले जाते.

कर्जफेडीनंतर
कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ दस्तऐवज ३० दिवसांत परत करणे धनकोवर बंधनकारक आहे. त्याच्या चुकीने विलंब झाल्यास दर दिवशी ५,००० रुपये भरपाई देय असते. ही तरतूद १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.