भिंतीवरचा कोड आणि आपला विचारण्याचा हक्क



घरात स्मार्टफोन एकच. तो मुलाच्या खिशातून रांजणगाव नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत जातो. शिरूर-दौंडकडची आई शुगरच्या गोळ्या आणायला दवाखान्यात जाते, तेव्हा भिंतीवरचा क्यूआर कोड तिला नुसता काळा-पांढरा चौकोन.

जपानमध्ये १९९४ साली कारखान्यातल्या सुट्या भागांची नोंद ठेवायला हा कोड निघाला. आता दवाखान्यात तो स्कॅन केला की पथ्य, औषध, बाळाची काळजी यांची माहिती मोबाईलवर उघडते. ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवरही १ ऑगस्ट २०२३ पासून कोड सक्तीचा आहे. त्यातून औषधाचं मूळ नाव, कंपनी, बॅच आणि मुदत कळते.

वॉर्डात घाईघाईत सांगितलेलं पेशंट घरी पोहोचेपर्यंत विसरतो, हे मी नर्स म्हणून पाहिलंय. व्हिडिओ पुन्हा पुन्हा ऐकता येतो, हा मोठा फायदा. पण कोड चिकटवला म्हणजे सांगण्याची जबाबदारी संपली, असं नाही.

फोन नसेल तर न लाजता म्हणा, "सिस्टर, मला तोंडी सांगा." गोळी किती, कधी, जेवणाआधी की नंतर, आणि काय झालं तर लगेच परत यायचं, एवढं विचारूनच निघा. औषधाचं खोकं जपून ठेवा, संध्याकाळी मुलाला स्कॅन करायला लावा. माहिती बघायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. कुणी मागितला तर तिथंच थांबा.

शिकलेल्या मुलींनो, रविवारी विहारात आयाबायांना हे एकदा करून दाखवा.