दोन सायकली, एक घाट

“या वयात? सायकलवर? आणि तेही परदेशात?” आम्ही निघालो तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकीनं हे तीन प्रश्न विचारले. सासूबाईंचा चौथा होता, “आणि खाणार काय गं तिथं?” खरं सांगू का मैत्रिणींनो, या चारही प्रश्नांची उत्तरं मला तिथं जाऊन सहज मिळाली. उत्तर शोधावं लागलं ते पाचव्या प्रश्नाचं, आणि तो कुणी विचारलाच नव्हता.

मी कराडची. तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. लहानपणी मी तासाच्या भाड्यानं सायकल घेऊन कैची मारत शिकले होते. लग्न झालं आणि सायकल सुटली. पुढची सगळी वर्षं यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर गेली. यांना शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितली. त्यांनी एक घेतली, मी हट्टानं दुसरी घेतली. पहाटे ओगलेवाडीपर्यंत, मग पाटणपर्यंत, मग एका दिवाळीत कुंभार्ली घाट उतरून थेट चिपळूण! परत येताना सायकली एसटीच्या टपावर. तिथूनच आमचा नियम ठरला. पाय चालतील तिथं सायकल, अंतर फार असेल तिथं बस.

हाच नियम घेऊन २०२४ च्या मार्चमध्ये आम्ही व्हिएतनामला गेलो. ई-व्हिसा पुण्याच्या लेकीनं घरबसल्या काढून दिला. एका प्रवेशाची फी २५ डॉलर. सायकलच्या दुकानातून रिकामी खोकी आणली, पेडल काढली, हँडल आडवं केलं, चाकांतली हवा सोडली, आणि दोन सायकली विमानात बसल्या.

हनोईत पहिल्याच दिवशी सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. शाकाहाराला तिथं ‘आन चाय’ म्हणतात. पहिल्यांदा मी ऐकलं तेव्हा वाटलं, चहा आणतेय! बौद्ध लोकांपैकी पुष्कळजण चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मच्छी खात नाहीत, त्यामुळे शाकाहारी खानावळी शोधल्या की सापडतात. टोफू, भाज्या, भात, नूडल्स. फक्त माशांपासून केलेला सॉस वरून घालू नका, हे आवर्जून सांगावं लागतं.

हनोईहून दाँग होईपर्यंत साधारण पाचशे किलोमीटर, म्हणून रात्रीची स्लीपर बस. दारातच चपला-बूट काढायचे, पिशवीत घालायचे आणि अनवाणी आपल्या बर्थवर जायचं. सायकली खाली डिकीत. ह्यांनी आधी बसच्या चारी बाजूंनी फिरून टायर बघितले, तेव्हाच आत पाऊल टाकलं. एवढी वर्षं डेपोत काढलेला माणूस, सवय कशी जाणार?

दाँग होईपासून आमची खरी सायकल सुरू झाली. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे भातखाचरं, शेतात टोकदार टोप्या घातलेल्या बायका वाकून काम करताहेत. आपल्याकडच्या लावणीचीच आठवण यावी. रस्ता सपाट, हवा बरी. आणि तरीही दुसऱ्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला बसून रडले.

झालं असं, की हे नेहमीप्रमाणे पुढे गेले. घरीसुद्धा हे दहा पावलं पुढे आणि मी पिशव्या घेऊन मागे, असंच आमचं चालणं. तुमच्याकडेही असंच असेल. त्या दिवशी माझी चेन उतरली. हाक मारली, पण हे दिसेनासे झालेले. सिमकार्ड एकच घेतलेलं, तेही यांच्या फोनमध्ये. भाषा येत नाही, गाव कुठलं ते कळत नाही. शेजारी उसाचा रस विकणारी एक बाई होती. तिनं मला आधी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, मग बोटांनी वय विचारलं. तिकडे ओळख झाली की वय विचारतातच, कारण त्यावरून समोरच्याला थोरली बहीण म्हणायचं, धाकटी म्हणायचं की आजी, हे ठरतं. माझं अठ्ठावन्न ऐकल्यावर ती मला ‘ची’ म्हणाली. ‘ची’ म्हणजे ताई. मग या धाकट्या बहिणीनं एक काटकी उचलली, चेन वर ओढली आणि दात्यांवर बसवली. जन्मभर एसटी दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या बायकोची चेन रसवालीनं बसवली!

हे पाऊण तासानं परत आले. “अगं, मला वाटलं तू मागेच आहेस,” म्हणाले. मी म्हटलं, “मागेच होते. पस्तीस वर्षं मागेच आहे.” त्यानंतर संध्याकाळपर्यंत आम्ही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी बेन हाई नदी लागली. १९५४ च्या जिनिव्हा करारानं देशाचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, ते या नदीवर. नदीवरच्या हिएन लुआँग पुलाच्या मधोमध रेघ होती. एक अर्धा पूल एका रंगाचा, दुसरा दुसऱ्या. आज तिथं पूल पुन्हा उभा केलाय, आणि मुद्दाम दोन रंगांत ठेवलाय. करारात ठरलं होतं, दोन वर्षांत निवडणूक होईल आणि देश एक होईल. त्या भरवशावर दक्षिणेतले कितीतरी पुरुष उत्तरेला गेले, बायका-मुलं मागे ठेवून. १९५६ ची निवडणूक झालीच नाही. युद्ध पेटलं. ते संपलं १९७५ ला. दोन वर्षांची वाट एकवीस वर्षांची झाली.

दक्षिण काठावर एक स्मारक आहे. एक आई आणि तिचं मूल नदीपलीकडे बघत उभी आहेत. मी त्या दगडाच्या बाईकडे बघत राहिले. तिचं दुःख कुठं आणि माझी उतरलेली चेन कुठं, तुलनाच नाही, हे मला कळत होतं. पण वाट बघणारीचं पुतळ्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही, हेही तिथंच कळलं. तिथल्याच एका बाकावर बसून मी यांना शांतपणे म्हटलं, “मला तुमचा वेग नको. माझ्या वेगानं मी जाईन. पण दर वळणावर तुम्ही थांबायचं. आणि उद्या दुसरं सिम घ्यायचं.” हे काही बोलले नाहीत. पण हुएमध्ये पोचल्यावर आधी सिमचं दुकान शोधलं.

हुए म्हणजे न्गुयेन राजांची जुनी राजधानी. तिथं दोन दिवस विश्रांती घेतली आणि मग आला हाय वान घाट. नावाचा अर्थ समुद्र आणि ढग. उंची ४९६ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे काही फार नाही, पण चढ थेट समुद्रसपाटीपासून सुरू होतो. २००५ पासून घाटाखालून सहा किलोमीटरहून लांब बोगदा आहे. त्यात दुचाकींना बंदी. त्यांना गाडीत चढवून पलीकडे नेऊन सोडतात.

लांग को गावात सकाळी यांचा गुडघा सुजलेला. तोंडानं कबूल करेनात. मीच म्हटलं, “अहो, तुम्ही बोगद्यातून जा. मी घाटातून येते.” यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “एकटी?” “एकटी.”

दहा किलोमीटरचा चढ मला अडीच तास लागला. त्यातला बराचसा सायकल हातात धरून. वळणावर थांबायचं, पाणी प्यायचं, खाली समुद्र बघायचा, पुन्हा चढायचं. माथ्यावर जुना दगडी दरवाजा आहे. तिथं पोचले तेव्हा टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि ब्रेक तपासत खाली उतरले.

पायथ्याशी हे उभे होते. सावली सोडून उन्हात, रस्त्याला अगदी लागून. मला बघितल्यावर हसायचा प्रयत्न केला, पण जमेना. म्हणाले, “साडेतीन तास झाले. दर सायकल दिसली की वाटायचं तूच. वाट बघणं लय अवघड असतं गं.”

पस्तीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. रात्रपाळीला यांची, पोरीच्या शाळेच्या बसची, दवाखान्याच्या रिपोर्टची, वाट मीच बघत आले होते.

पुढे मी सन बघितलं, चाम राजांनी बांधलेली शंकराची देवळं, विटांची. मग दानांगहून बसनं लाओ बाओची सीमा ओलांडून लाओसमध्ये सावान्नाखेतला गेलो. मेकाँगच्या कडेनं सपाट रस्ता, गाड्या तुरळक, पोरं घरातून ‘सबायदी’ ओरडतात. पलीकडच्या काठावर थायलंड, आणि संध्याकाळी सूर्य तिकडेच बुडतो. त्या रस्त्यावर आम्ही बहुतेक वेळ शेजारी-शेजारी चालवली. जिथं रस्ता अरुंद झाला, तिथं यांनी मला पुढे जाऊ दिलं.

मैत्रिणींनो, परदेशच हवा असं नाही. पण नवऱ्याबरोबर निघाल तेव्हा तीन गोष्टी स्वतःच्या ठेवा. आपला फोन, आपले थोडे पैसे आणि चेन बसवण्याची अक्कल. शेवटची मी आता शिकले आहे. ह्यांनीच शिकवली. हात काळे झाले, पण बसली एकदाची!

परवा बाजारातून येत होतो. हे सवयीनं पुढे गेले. कोपऱ्यावर पोचले, आणि थांबले.