परकीयाची नोंद: नांदेडचा यात्रेकरू आणि लातूरचा विद्यार्थी

परकीय कोण

भारताचा नागरिक नसलेली प्रत्येक व्यक्ती भारतीय कायद्याच्या दृष्टीने परकीय असते. जन्मस्थान, मातृभाषा, धर्म यांना या व्याख्येत स्थान नाही. नांदेडमध्ये याचा प्रत्यय सहज येतो. गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये येथे देहावसान झाले आणि तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. त्यामुळे ब्रिटन, कॅनडा, अमेरिका येथील शीख कुटुंबे दर्शनाला येतात. घरची भाषा पंजाबी आणि आजोळ जालंधरचे असले, तरी पासपोर्ट ब्रिटिश असेल तर तो यात्रेकरू परकीयच. लंगरच्या पंगतीत पासपोर्ट विचारला जात नाही. खोली घेताना मात्र तो दाखवावा लागतो.

शिक्का कोठे बसतो

नांदेडच्या विमानतळावर परदेशातून थेट उतरण्याची सोय नाही. त्यामुळे आगमनाची तपासणी मुंबई, दिल्ली किंवा अमृतसर अशा ठिकाणी होते आणि पासपोर्टवर शिक्का तेथेच बसतो. त्यानंतर देशांतर्गत विमान किंवा सचखंड एक्स्प्रेसने यात्रेकरू नांदेडला पोहोचतो. तो देशात आला, एवढेच शिक्का सांगतो. तो कोठे राहिला, हे सांगण्यासाठी दुसरी नोंद लागते.

सी-फॉर्म

ही दुसरी नोंद सी-फॉर्म या प्रचलित नावाने ओळखली जाते. परकीय पाहुणा उतरल्यापासून २४ तासांच्या आत त्याचा पासपोर्ट क्रमांक, व्हिसा, आगमनाची तारीख, आधीचा मुक्काम आणि पुढचे ठिकाण ही माहिती ऑनलाइन भरावी लागते. हॉटेल, लॉज, धर्मशाळा, यात्रीनिवास या सर्वांना हा नियम लागू आहे. फॉर्म पाहुणा भरत नाही, तो ठेवून घेणारा भरतो. सीमेवरच्या तपासणीचा एक तुकडा अशा रीतीने लॉजच्या काउंटरवर येऊन पडतो. परकीय पाहुणा दिसताच ‘खोली शिल्लक नाही’ असे सांगणारे लहान लॉज देशभर आढळतात. त्यामागे बहुधा आकस नसतो, न भरलेल्या फॉर्मची धास्ती असते. प्रत्यक्षात काम थोड्या वेळाचे आहे.

१ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायद्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार जुने कायदे एकत्र आणले. माहिती देण्याचे दायित्व त्यात शिक्षणसंस्था आणि रुग्णालये यांच्यावरही आहे. परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देणारे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ त्यामुळे याच साखळीत येते.

दीर्घ मुक्काम आणि ओसीआय

१८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्यांना साधारणपणे १४ दिवसांत स्वतंत्र नोंदणी करावी लागते. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक परकीय नागरिक नोंदणी अधिकारी या नात्याने पाहतात. २०१८ पासून बहुतेक अर्ज ऑनलाइन होतात. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारकाला ही नोंदणी नको आणि व्हिसाही नको. तथापि हे दुहेरी नागरिकत्व नव्हे: मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. कार्डाचा उपयोग २०२३ मध्ये दिसला. भारताने २१ सप्टेंबरला कॅनडातील व्हिसासेवा थांबवली आणि ई-व्हिसा २२ नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळी उलटून गेल्यावर, पुन्हा सुरू झाला. ओसीआय कार्ड असलेल्या कॅनेडियन शिखाला मात्र या काळातही येता आले.

लातूरहून बाहेर

शिकवण्याच्या ‘लातूर पॅटर्न’ने वैद्यकीय प्रवेशाची आकांक्षा घराघरांत नेली. शासकीय जागा थोड्या आणि खासगी शुल्क न परवडणारे, म्हणून काही विद्यार्थी रशिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, जॉर्जिया येथे जातात. येथे भूमिका पालटते: लातूरचा विद्यार्थी परकीय होतो आणि यजमान आता तेथील विद्यापीठ असते.

रशियात प्रवेश करताना मायग्रेशन कार्ड मिळते. त्यानंतर सात कामकाजाच्या दिवसांत निवासाची नोंद यजमानाने करायची असते. वसतिगृहात राहणाऱ्यासाठी विद्यापीठच ती करते. ९० दिवसांहून अधिक राहणाऱ्यांना डिसेंबर २०२१ च्या अखेरीपासून बोटांचे ठसे, छायाचित्र आणि वैद्यकीय तपासणीही सक्तीची झाली. व्हिसाची मुदतवाढही विद्यापीठामार्फतच मिळते. मुलाने प्रवेश सोडला किंवा तो रद्द झाला, की व्हिसाचा आधारही जातो. सगळ्यात नाजूक सांधा हाच आहे: कागद यजमान भरतो, पण चूक झाली तर दंड आणि देश सोडण्याची वेळ परकीयावर येऊ शकते. म्हणून नोंदणीच्या पावतीची प्रत स्वतःजवळ असणे ही औपचारिकता नाही.

नावाचा क्रम

महाराष्ट्रातील गुणपत्रिकेवर आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव असा क्रम असतो, शिवाय आईचे नाव वेगळे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना स्वतंत्र आणि स्वतःच्या नावाच्या रकान्यात वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. रशियन भाषांतरात हीच नावे तिसऱ्या लिपीत जातात. एका अक्षराचा फरक पडला तरी गुणपत्रिका, व्हिसा आणि निवासनोंद एकाच व्यक्तीची आहे हे सिद्ध करत बसावे लागते. परदेशात वापरायच्या दस्तऐवजावर मारला जाणारा अपॉस्टिलचा शिक्का त्यावरील सही-शिक्क्याची सत्यता सांगतो. नावातील तफावत तो मिटवत नाही.

शिक्क्यांचा उशिरा कळणारा उपयोग

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या १८ नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशी वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमातून हवा. त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिपही हवी. कोविडकाळातील ऑनलाइन वर्गांनंतर प्रत्यक्ष उपस्थितीचा प्रश्न ऐरणीवर आला आणि पासपोर्टवरील आगमन-निर्गमनाचे शिक्के पुरावा म्हणून मागितले जाऊ लागले. विमानतळावर दोन सेकंदांत उमटलेला शिक्का पुढे डॉक्टर म्हणून नोंदणी मिळवताना तपासला जातो. जुना पासपोर्ट रद्द झाला तरी जपून ठेवावा लागतो, तो यासाठी.

मर्यादा

नोंद संरक्षण देत नाही. मार्च २०२२ मध्ये ‘व्हिसा’ आणि ‘मास्टरकार्ड’ या कार्ड-कंपन्यांनी रशियातील सेवा थांबवल्यावर निवासाचे सर्व कागद चोख असणाऱ्यांचीही भारतीय बँकांची ही कार्डे तेथे निरुपयोगी ठरली. १७-१८ मे २०२४ च्या रात्री किर्गिझस्तानातील बिश्केकमध्ये जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले, तेव्हा भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांना घरातच राहण्यास सांगितले. अशा प्रसंगी पासपोर्ट हाताशी नसेल, तर दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकतो. ते एकदाच, भारतात परतण्यापुरते चालते.